स्वप्नांची घडण आणि त्यांचा अर्थ : मनोविश्लेषणाची स्वप्नमीमांसा

स्वप्नांना काही अर्थ असतो ही समजूत अतिशय प्राचीन आहे. मात्र तो अर्थ कोठे शोधायचा, या प्रश्नाला निरनिराळ्या काळांनी निरनिराळी उत्तरे दिली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आर्टेमिडोरस या ग्रीक लेखकाने स्वप्नांवर पाच भागांचा ग्रंथ लिहून, स्वप्नात दिसलेल्या वस्तूंवरून व प्रसंगांवरून पुढे काय घडेल हे कसे ओळखावे याचे तपशीलवार विवेचन केले. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. पाहिलेल्या, ऐकलेल्या, अनुभवलेल्या, इच्छिलेल्या आणि कल्पिलेल्या गोष्टींपासून उद्भवणारी स्वप्ने, भावी घटना सुचवणारी स्वप्ने आणि शरीरातील दोषांमुळे पडणारी स्वप्ने असा तो विभाग आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यकाचा कल मात्र स्वप्नाला अर्थच नाकारण्याकडे होता; झोपेत मेंदूचा काही भाग अर्धवट जागा राहतो आणि त्याच्या विस्कळीत हालचालीतून स्वप्न उपजते, असे त्या काळातील अनेक शास्त्रज्ञ मानत. या दोन्ही भूमिकांहून वेगळी अशी तिसरी भूमिका व्हिएन्नातील मज्जाविकारतज्ज्ञ सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांनी मांडली. स्वप्नाला अर्थ आहे, परंतु तो भविष्याविषयीचा नसून स्वप्न पाहणाऱ्याच्या मनाविषयीचा आहे, आणि त्या अर्थाकडे नेणारे दुवे स्वप्न पाहणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाजवळही नसतात, हा तिचा गाभा होय.

फ्रॉइड यांचा ‘स्वप्नांचा अर्थ’ हा जर्मन ग्रंथ नोव्हेंबर १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला, पण प्रकाशकाने मुखपृष्ठावर १९०० हे नव्या शतकाचे वर्ष छापले. पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या ६०० प्रती काढल्या होत्या आणि त्या खपायला सुमारे आठ वर्षे लागली. पुढे १९०९ पासून आवृत्त्या निघत गेल्या आणि लेखकाने प्रत्येक वेळी त्यात भर घातली. हिस्टेरिया व भयगंड यांनी पीडित असलेल्या रुग्णांवर उपचार करताना जमलेली सामग्री आणि वडिलांच्या १८९६ मधील मृत्यूनंतर लेखकाने स्वतःच्या मनाचे केलेले विश्लेषण, अशा दोन धाग्यांनी हा ग्रंथ विणला गेला आहे. रुग्ण आपल्या लक्षणांविषयी मनात येईल ते बोलत असताना मधूनच एखादे स्वप्न सांगत, आणि लक्षणांप्रमाणेच त्या स्वप्नाचाही मागोवा घेता येतो, असे फ्रॉइड यांच्या ध्यानात आले.

साहचर्याची पद्धत

या मागोव्याच्या पद्धतीला ‘मुक्त साहचर्य’ असे म्हणतात. एका कल्पनेवरून दुसरी कल्पना आठवणे म्हणजे साहचर्य. आणि आठवलेली गोष्ट क्षुल्लक, असंबद्ध, लाजिरवाणी किंवा अप्रिय वाटली तरी ती न गाळता सांगणे, हे त्याचे मुक्तपण. स्वप्नाचा अर्थ लावताना संपूर्ण स्वप्न एकसंध गोष्ट म्हणून समोर न ठेवता त्याचे तुकडे केले जातात, प्रत्येक तुकड्यापाशी थांबून त्यावरून काय आठवते हे विचारले जाते, आणि अशा अनेक धाग्यांना गाठी कोठे पडतात ते पाहिले जाते. आर्टेमिडोरसच्या परंपरेपासून ही पद्धत नेमकी येथेच वेगळी होते. तेथे स्वप्नातील वस्तूवरून अर्थ सांगणाऱ्याला काय आठवते याला महत्त्व होते, तर येथे अर्थ लावण्याचे काम स्वप्न पाहणाऱ्यावरच सोपवले जाते, असे फ्रॉइड यांनी स्वतः नोंदवले आहे.

या पद्धतीचा नमुना म्हणून ग्रंथात सविस्तर दिलेले पहिले स्वप्न लेखकाचे स्वतःचे आहे. जुलै १८९५ मध्ये फ्रॉइड व्हिएन्नाजवळच्या बेलव्ह्यू या ठिकाणी राहत असताना ते पडले. त्यांच्या परिवाराच्या स्नेहातील एका तरुणीवर ते उपचार करत होते. ग्रंथात तिला ‘इर्मा’ असे नाव दिले आहे. उपचार अर्धवट यशस्वी होऊन थांबले होते. स्वप्नाच्या आदल्या दिवशी ‘ओटो’ या वैद्यमित्राने, इर्माची प्रकृती पूर्वीपेक्षा बरी आहे, पण पूर्ण बरी नाही, असे सांगितले, आणि त्या वाक्यात फ्रॉइड यांना ठपक्याचा सूर जाणवला. रात्री त्यांनी एका ज्येष्ठ सहकाऱ्याला दाखवण्यासाठी त्या रुग्णेची हकिगत लिहून काढली आणि मग ते झोपले. स्वप्नात एका मोठ्या दालनात पाहुणे येत आहेत, त्यांत इर्मा आहे. सुचवलेला इलाज न स्वीकारल्याबद्दल फ्रॉइड तिला बोल लावतात. ती घसा, पोट दुखत असल्याची तक्रार करते. तिचा घसा तपासला असता आत पांढरा चट्टा व करड्या खपल्या दिसतात. तो ज्येष्ठ सहकारी येऊन हा संसर्ग असल्याचा निर्वाळा देतो. आणि शेवटी असे उघड होते की ओटोने तिला अविचाराने एक इंजेक्शन दिले होते व बहुधा सिरिंज स्वच्छ नव्हती.

एकेका तपशिलाचा मागोवा घेतल्यावर फ्रॉइड यांना दिसले की, हे सारे स्वप्न एका आरोपातून सुटका करून घेण्यासाठी जणू बचावाची भाषणे करत आहे. इर्मा बरी झाली नाही, कारण तिने सल्ला मानला नाही. तिचे दुखणे शारीरिक आहे, म्हणून मानसिक उपचारांनी ते बरे होण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय ते दुखणे ओटोच्या सिरिंजमुळे उद्भवले. हे तीन बचाव एकमेकांशी जुळत नाहीत, पण तिन्ही एकाच इच्छेची पूर्ती करतात, ती म्हणजे इर्माच्या दुखण्याला आपण जबाबदार नसावे ही इच्छा. यावरून ‘स्वप्न म्हणजे इच्छेची पूर्ती’ हे सूत्र मांडण्यात आले.

प्रकट आशय, सुप्त आशय आणि स्वप्नकार्य

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण मराठीत रूढ आहे, आणि हंसाला मक्याची स्वप्ने पडतात अशा अर्थाची म्हण फ्रॉइड यांनीही आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. लहान मुलांच्या स्वप्नांत हे तत्त्व विनासायास दिसते. फ्रॉइड यांची मुलगी ॲना एकोणीस महिन्यांची असताना तिला सकाळी उलटी झाल्यामुळे दिवसभर उपाशी ठेवले होते. त्या रात्री तिने झोपेत आपले नाव घेऊन स्ट्रॉबेरी, ऑम्लेट अशा पदार्थांची यादी उच्चारली. प्रौढांची स्वप्ने मात्र इतकी सरळ नसतात. ती तुटक, विचित्र, कधी भयाण असतात, आणि त्यांत कोणती इच्छा पूर्ण झाली हे कळत नाही. म्हणून फ्रॉइड यांनी स्वप्नाचे दोन थर कल्पिले. जागे झाल्यावर आठवते व सांगता येते ते स्वप्न म्हणजे ‘प्रकट आशय’, आणि साहचर्यांच्या साहाय्याने ज्यांच्यापर्यंत पोहोचता येते ते विचार, इच्छा व स्मृती म्हणजे ‘सुप्त आशय’. सुप्त आशयाचे प्रकट आशयात रूपांतर करणाऱ्या मानसिक प्रक्रियेला त्यांनी ‘स्वप्नकार्य’ हे नाव दिले, आणि त्याच्या चार रीती सांगितल्या.

पहिली रीत संक्षेपणाची. अनेक व्यक्ती, स्थळे व विचार एकाच प्रतिमेत दाटीने एकत्र येतात. फ्रान्सिस गॉल्टन यांनी अनेक चेहऱ्यांची छायाचित्रे एकाच काचेवर उमटवून जी संमिश्र छायाचित्रे तयार केली होती, त्यांच्याशी फ्रॉइड यांनी या प्रक्रियेची तुलना केली आहे. स्वप्नातील इर्मा ही एकटी इर्मा नव्हती. तिच्या मागे दुसरी एक रुग्ण स्त्री, फ्रॉइड यांची मोठी मुलगी आणि आणखी काही स्त्रिया उभ्या होत्या. दुसरी रीत विस्थापनाची, म्हणजे महत्त्वाच्या गोष्टीवरील भावनेचा भार क्षुल्लक गोष्टीवर सरकवण्याची. फ्रॉइड यांनी एका स्वप्नात स्वतः लिहिलेला एका वनस्पतीवरचा प्रबंध पाहिला, त्यात रंगीत चित्र व वाळवलेला नमुना होता. त्या दिवशी सकाळी एका पुस्तकाच्या दुकानात सायक्लामेन या फुलझाडावरचे नवे पुस्तक त्यांनी पाहिले होते, पण त्या पुस्तकात त्यांना काहीच गोडी नव्हती. साहचर्यांची वाट मात्र दुसऱ्याच एका विषयाकडे गेली: कोका या वनस्पतीवर त्यांनी १८८४ मध्ये लिहिलेला प्रबंध, कोकेनने डोळ्याला बधिरता आणता येते या शोधाचे श्रेय सहकारी कार्ल कोलर यांना मिळणे, आणि स्वप्नाच्या आदल्या संध्याकाळी एका नेत्रवैद्य मित्राशी झालेले मनाला भिडणारे बोलणे. फुलझाडाचे पुस्तक हे या साऱ्याचे निरुपद्रवी प्रतिनिधी ठरले.

तिसरी रीत म्हणजे विचारांना दृश्य रूप देणे. स्वप्न प्रामुख्याने चित्रांनी बोलते. ‘म्हणून’, ‘जर’, ‘किंवा’ यांसारखे विचारांचे सांधे चित्रात दाखवता येत नाहीत, त्यामुळे कारण आणि परिणाम ही एकामागोमाग येणारी दोन दृश्ये होतात, आणि पर्याय असलेल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदतात. इर्माच्या स्वप्नातील परस्परविरोधी बचाव एकत्र कसे राहू शकले, याचे उत्तर येथे मिळते. चौथी रीत दुय्यम संस्करणाची: जागे होण्याच्या सुमारास मन या तुकड्यांना जोडून एक बऱ्यापैकी सुसंगत गोष्ट रचते, आणि ती सुसंगतीच पुष्कळदा दिशाभूल करते.

स्वप्न येते कोठून

स्वप्नाचे साहित्य कोठून येते याचे फ्रॉइड यांनी दिलेले उत्तर दुहेरी आहे. बहुतेक प्रत्येक स्वप्नात आदल्या दिवसाचा काही अंश सापडतो. त्याला ‘दिनावशेष’ म्हणतात. अपुरे राहिलेले बोलणे, मनाला लागलेला शब्द, किंवा नजरेसमोरून सहज गेलेली वस्तू असे त्याचे स्वरूप असते. पण केवळ दिनावशेषांतून स्वप्न उभे राहत नाही. त्याला लागणारे बळ नेणिवेतील, म्हणजे जाणिवेच्या कक्षेबाहेर राहिलेल्या मनातील इच्छेकडून मिळते, आणि ती इच्छा बहुधा बालपणातील असते. हा संबंध समजावताना फ्रॉइड यांनी दिनावशेषाला उद्योजकाची व नेणिवेतील इच्छेला भांडवलदाराची उपमा दिली: योजना एकाची, पैसा दुसऱ्याचा.

नेणिवेतील इच्छा उघडपणे पुढे येऊ शकत नाही, कारण ती दमन केलेली, म्हणजे लाज, भय किंवा नैतिक बंधन यांमुळे जाणिवेतून बाहेर लोटलेली असते. जागेपणी हे दमन कडक असते आणि झोपेत ते सैल होते, पण नाहीसे होत नाही. त्या काळातील वृत्तपत्रांवरच्या सरकारी नियंत्रणावरून फ्रॉइड यांनी मनातील या पहाऱ्याला ‘अभ्यवेक्षक’ म्हणजेच सेन्सॉर असे नाव दिले. स्वप्नाची वेडीवाकडी भाषा ही इच्छा आणि पहारा यांच्यातील तडजोड होय: इच्छा वेष बदलून आत येते, आणि पहाऱ्याला ती ओळखू येत नाही. या तडजोडीचा एक लाभ झोपेलाही होतो. तहान लागली असताना पाणी पीत असल्याचे स्वप्न पडते आणि माणूस लगेच उठत नाही. त्याप्रमाणे अस्वस्थ करणाऱ्या मानसिक प्रेरणांनाही स्वप्न तात्पुरते शांत करते. म्हणून स्वप्न हे झोपेचे रक्षक आहे असे फ्रॉइड यांचे म्हणणे होते. वेषांतर साधले नाही की भीती उसळते आणि माणूस दचकून जागा होतो.

प्रतीकांविषयीचा गैरसमज

सर्वसामान्य वाचकाच्या मनात फ्रॉइड यांचे नाव लैंगिक प्रतीकांच्या एका ठरावीक कोष्टकाशी जोडले गेले आहे. काठी, छत्री, जिना, पेटी, खोली यांना ठरलेले अर्थ असतात आणि ते लावले की स्वप्न उलगडते, असा हा समज आहे. त्याला आधार अगदीच नाही असे नाही. विल्हेल्म श्टेकेल या सहकाऱ्याच्या प्रभावामुळे १९०९ नंतरच्या आवृत्त्यांत प्रतीकांविषयीचा भाग वाढत गेला, आणि काही प्रतीके अनेक माणसांत समान असतात असे फ्रॉइडही मानू लागले. तरीही प्रतीकांचे ज्ञान हे साहचर्याच्या पद्धतीला केवळ पूरक आहे आणि त्या पद्धतीची जागा ते घेऊ शकत नाही, असा इशारा त्यांनी दिला होता. १९२५ मधील एका तळटीपेत त्यांनी आपल्याच अनुयायांची आणखी एक चूक दाखवली: पूर्वी लोक प्रकट आशयालाच स्वप्न समजत, आता विश्लेषक सुप्त विचारांनाच स्वप्न समजू लागले आहेत, वास्तविक स्वप्नाचे सार स्वप्नकार्यात आहे. मनात दडलेली इच्छा शोधणे हे एक काम, आणि तिने हेच रूप का घेतले हे समजून घेणे हे त्याहून अवघड व मोलाचे काम, असा या टीपेचा आशय आहे. ज्या स्वप्नाचा अर्थ पुष्कळसा उलगडला आहे त्यातही एक जागा अशी राहते की जेथे सारे धागे अज्ञातात शिरतात, हेही त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. त्या जागेला त्यांनी स्वप्नाची ‘नाभी’ म्हटले आहे.

सूत्राला बसलेले धक्के

इच्छापूर्तीच्या सूत्राविरुद्धचा सर्वांत गंभीर पुरावा फ्रॉइड यांच्यासमोर पहिल्या महायुद्धाने आणला. आघाडीवरून परतलेले सैनिक स्फोटाचा, मृत्यूच्या सान्निध्याचा तोच प्रसंग रात्रीमागून रात्री पुन्हा अनुभवत होते, आणि त्या स्वप्नांत कोणती इच्छा पूर्ण होत असेल हे सांगता येत नव्हते. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सुखतत्त्वापलीकडे’ या ग्रंथात फ्रॉइड यांनी ही स्वप्ने अपवाद असल्याचे स्वीकारले. तो आघात अचानक, मन सावध नसताना झाला. स्वप्न त्या क्षणाकडे वारंवार परतून मनाला नंतर का होईना सावध होण्याची आणि त्या आघातावर ताबा मिळवण्याची संधी देऊ पाहते, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. पुढे १९३३ च्या व्याख्यानसंग्रहात त्यांनी मूळ सूत्र सौम्य करून, स्वप्न म्हणजे इच्छापूर्तीचा प्रयत्न होय, असे म्हटले.

सहकाऱ्यांनी घेतलेले आक्षेप अधिक मूलगामी होते. १९११ मध्ये वेगळे झालेल्या आल्फ्रेड ॲडलर यांच्या मते, स्वप्नाचा रोख भूतकाळातील इच्छांपेक्षा समोरच्या अडचणीकडे असतो, आणि माणसाची जगण्याची जी एकंदर शैली असते तिला अनुरूप अशा भावना स्वप्न जागवते. झुरिकचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल गुस्टाव्ह युंग यांनी १९०९ च्या सुमारास पडलेले एका घराचे स्वप्न पुढे आपल्या आत्मकथनात सांगितले आहे: वरचा मजला अलीकडच्या काळातील, तळमजला मध्ययुगीन, तळघर रोमन, आणि त्याखाली एक गुहा, जिच्यात मातीची भांडी, हाडे व दोन कवट्या होत्या. फ्रॉइड यांनी कवट्यांच्या मागे कोणाच्या तरी मृत्यूची इच्छा शोधली; युंग यांना मात्र त्या घरात मानवी मनाच्या थरांचे चित्र दिसले. व्यक्तीच्या नेणिवेखाली सर्व मानवजातीला समान असलेली ‘सामूहिक नेणीव’ असते आणि तिच्यातील आदिबंध, म्हणजे पुराणकथांत व धर्मांत पुनःपुन्हा आढळणारे आकृतिबंध, स्वप्नांत प्रकट होतात, ही त्यांची उपपत्ती याच दिशेने विकसित झाली. स्वप्न काही लपवत नाही, ते जाणिवेच्या एकांगीपणाला पूरक असे दुसरे अंग समोर ठेवते, असे त्यांचे मत होते. १९१३ मध्ये दोघांचे मार्ग कायमचे वेगळे झाले.

भारतातही या विचाराची स्वतंत्र चिकित्सा झाली. कोलकात्याचे डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली, फ्रॉइड यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला आणि स्वप्नांवर बंगालीत पुस्तक लिहिले. प्रत्येक इच्छेसोबत मनात तिची विरुद्ध इच्छाही वावरत असते आणि दमनाचे मूळ या दोहोंच्या संघर्षात आहे, असा विरुद्ध इच्छांचा सिद्धान्त त्यांनी मांडला, आणि फ्रॉइड यांच्या दमनविषयक मताशी असलेला मतभेद त्यांनी पत्रांतूनही स्पष्टपणे कळवला.

परीक्षा आणि प्रयोगशाळा

तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा आक्षेप निराळ्या प्रकारचा होता. जी उपपत्ती कोणत्याही निरीक्षणाने खोटी ठरू शकत नाही ती वैज्ञानिक म्हणता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. फ्रॉइड यांच्या ग्रंथातच या आक्षेपाला बळ देणारी जागा सापडते. एका रुग्ण स्त्रीने त्यांना आव्हान म्हणून असे स्वप्न सांगितले की, तिला मेजवानी द्यायची आहे, पण घरात धुरावलेल्या सामन माशाखेरीज काही नाही, दुकाने बंद आहेत, टेलिफोन बिघडला आहे, आणि शेवटी तिला बेत सोडून द्यावा लागतो. साहचर्यांतून कळले की, तिच्या एका मैत्रिणीची तिचा नवरा वारंवार स्तुती करत असे; ती मैत्रीण सडपातळ होती, नवऱ्याला भरल्या अंगाच्या स्त्रिया आवडत, आणि मैत्रिणीने नुकतेच जेवायला बोलावण्याविषयी विचारले होते. मेजवानीच झाली नाही तर मैत्रीण भरदार होणार नाही, ही इच्छा स्वप्नाने पूर्ण केली. येथवरचा अर्थ तिच्याच साहचर्यांवर उभा आहे आणि तो पटतो. परंतु इतर काही अप्रिय स्वप्नांविषयी फ्रॉइड यांनी असे म्हटले की, माझा सिद्धान्त चुकीचा ठरावा हीच रुग्णाची इच्छा त्यांत पूर्ण झाली. असा युक्तिवाद स्वीकारला तर सिद्धान्ताविरुद्ध कोणताच पुरावा उरत नाही.

यानंतरची कसोटी प्रयोगशाळेत लागली. शिकागो विद्यापीठातील यूजीन ॲसेरिन्स्की व नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये असे दाखवले की, झोपेत काही टप्पे असे येतात की ज्यांत बंद पापण्यांखाली डोळ्यांची बुबुळे वेगाने हलतात, आणि त्या वेळी उठवलेली माणसे बहुतेक वेळा स्वप्न सांगतात. १९७७ मध्ये ॲलन हॉब्सन व रॉबर्ट मॅकार्ली यांनी यावरून असा निष्कर्ष मांडला की, मस्तिष्कस्तंभातून ठरावीक काळाने उठणारे संदेश मेंदूच्या वरच्या भागांना चेतवतात आणि ते भाग त्या संदेशांना जमेल तसा अर्थ जोडतात. त्यांच्या मते स्वप्नाच्या प्रारंभाला इच्छेची गरज नाही. १९९० च्या दशकात मार्क सोल्म्स यांनी मेंदूला इजा झालेल्या रुग्णांच्या अभ्यासावरून त्याला उत्तर दिले. पुढच्या मेंदूतील विशिष्ट भागांना इजा झाली तर स्वप्ने थांबतात, मात्र बुबुळांच्या हालचालींची झोप तशीच चालू राहते, आणि त्यांपैकी एक भाग ओढ व प्रेरणा यांच्याशी निगडित असलेल्या डोपामिनच्या मार्गांचा आहे, असे त्यांनी दाखवले. डॅनियल वेग्नर व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी एखाद्या व्यक्तीचा विचार मुद्दाम टाळणाऱ्यांना ती व्यक्ती स्वप्नात अधिक दिसल्याचे आढळले. या निष्कर्षांनी फ्रॉइड यांचे मूळ सूत्र सिद्ध होत नाही. हॉब्सन यांनी सोल्म्स यांचा अर्थ कधीच मान्य केला नाही आणि हा वाद अजून मिटलेला नाही. प्रेरणा आणि टाळलेले विचार यांचा स्वप्नाशी संबंध आहे, इतके मात्र त्यांतून निश्चितपणे पुढे येते.

शतकाहून अधिक काळाच्या या चर्चेनंतर उपपत्तीचे भाग वेगळे काढून तोलणे शक्य झाले आहे. प्रत्येक स्वप्नामागे बालपणातील दमित इच्छा असतेच, हा दावा टिकलेला नाही, आणि स्वप्न झोपेचे रक्षण करते हे अद्याप निर्विवादपणे सिद्ध व्हायचे आहे. दिवसाच्या अनुभवांचे अंश स्वप्नात येतात, अनेक स्मृती एका प्रतिमेत मिसळतात, आणि भावनेचा भार एका गोष्टीवरून दुसरीवर जातो, ही निरीक्षणे मात्र आजही उपयोगी आहेत. त्यांहूनही टिकाऊ ठरली ती पद्धतीमागची शिस्त. स्वप्नफलाच्या पुस्तकांत सापाला, पाण्याला किंवा पडलेल्या दाताला एकच फळ सर्वांसाठी छापलेले असते, आणि फ्रॉइड यांच्या नावावर खपणारी प्रतीकांची कोष्टकेही तोच मार्ग चोखाळतात. मनोविश्लेषणाने मात्र ऐकणाऱ्यावर असे बंधन घातले की, स्वप्न सांगणाऱ्याला विचारल्यावाचून त्याच्या स्वप्नाविषयी काही म्हणू नये. समोरच्या माणसाचे आयुष्य, त्याच्या आठवणी आणि त्याचे शब्द यांतूनच अर्थ उभा करायचा आणि जेथे धागा संपतो तेथे थांबायचे, ही शिस्त पाळली तर स्वप्नाकडे लक्ष देणे म्हणजे त्या माणसाचे म्हणणे मनापासून ऐकणे ठरते. आणि मानसोपचारात स्वप्नांना आजही जे स्थान आहे, त्याचे खरे समर्थन हेच आहे.